जपानची फुलचेरी आणि आपले बेणे



ऊसबिलातून घर उभे राहिले, ओटा झाला, पुढे कंपाउंड झाले, की दारात चार फुलझाडे असावीत असे घरातल्या प्रत्येकाला वाटू लागते. मुलेमुली मोबाईलवर जपानचे फोटो दाखवतात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना झाडे, झाडावर पान एकही नाही, नुसता गुलाबी-पांढरा फुलोरा. "आप्पा, हे लावू या की आपल्या दारात!" आणि जत्रेत, प्रदर्शनात रोपे विकायला बसलेला माणूसही नेमका तोच फोटो टांगून बसलेला असतो. शंभराची नोट निघते, रोप घरी येते. पुढे तीन-चार वर्षे पाणी घालून फूल काही दिसत नाही.

म्हणून सरळ उत्तर आधीच देऊन टाकतो. ही फुलचेरी आपल्या ऊसपट्ट्यात फुलत नाही. रोप जगले तरी फुलणार नाही, आणि बहुधा जगणारही नाही. त्यासाठी खिशातला पैसा घालवू नका.

पण विषय इथे संपत नाही. हे झाड कसे वाढवतात, त्याची कलमे कशी फिरतात, एकाच वाणाच्या नादी लागून जपान्यांनी काय कमावले आणि काय गमावले, ही हकीकत ऊसवाल्याने जरूर ऐकावी अशी आहे. कारण ती सगळी हकीकत बेण्याची आहे, आणि बेणे हा तर आपला रोजचा विषय.

ही चेरी खायची नव्हे

आइस्क्रीमवर किंवा केकवर लावतात ती लाल चेरी वेगळी. काश्मिरात तिला गिलास म्हणतात. आपण बोलतोय ती शोभेची चेरी, जपानी भाषेत साकुरा. दोन्ही झाडे एकाच कुळातली. बदाम, जर्दाळू, आलुबुखार हेही त्याच गोतावळ्यातले. पण साकुरा लावायची ती फक्त फुलासाठी. तिच्या पुष्कळशा वाणांना फळ धरतच नाही, आणि धरले तर वाटाण्याएवढे, कडवट. पाखरांनी खावे इतकेच.

फूल तरी किती दिवस? पहिली कळी उमलल्यापासून आठवड्याभरात झाड पूर्ण भरते, आणि पुढच्या आठवड्यात वारा-पाऊस आला की पाकळ्या गळून जमिनीवर सडा पडतो. एवढ्या पंधरा दिवसांसाठी जपानी माणूस वर्षभर वाट बघतो. झाडाखाली चटया अंथरून घरची, कचेरीतली मंडळी जेवायला बसतात. मार्चअखेर दक्षिणेच्या क्यूशू बेटापासून हा फुलोरा सुरू होतो आणि उत्तरेच्या होक्काइदोत पोहोचेपर्यंत मे उजाडतो. आपल्याकडे मान्सून कुठवर आला याची बातमी असते ना, तशी तिकडे साकुरा कुठवर आली याची बातमी असते. ठरवून दिलेल्या नमुन्याच्या झाडावर पाच-सहा फुले उमलली, की त्या गावी साकुरा आली असे जाहीर होते.

थंडीचा ताण

आता ती आपल्याकडे का फुलत नाही ते पाहू. संत्र्याचा किंवा डाळिंबाचा बहार धरायचा असला तर आपण काय करतो? पाणी तोडतो, झाडाला ताण देतो. झाड थकते, पान गाळते, मग पाणी सोडले की फुटते आणि फुलते. चेरीलाही ताण लागतो. फरक इतकाच, की तिला तो पाण्याचा नको, थंडीचा हवा.

चेरीची फुलकळी आदल्या उन्हाळ्यातच काडीवर तयार होते. शरद ऋतूत पाने गळतात आणि कळी झोपी जाते. ती झोप मोडायला आठवडेच्या आठवडे कडक थंडी लागते. दिवस-रात्र दहा अंश सेल्सिअसच्या खाली राहणारी. तेवढी थंडी मिळाली की कळीच्या आतले कुलूप निघते. मग पुढे ऊब मिळेल तशी कळी फुगते आणि उमलते. तोक्योकडे एक जुना ठोकताळा आहे: १ फेब्रुवारीपासून रोजच्या कमाल तापमानाची बेरीज करत जायची, ती सहाशे अंशांच्या घरात गेली की फूल आलेच म्हणून समजा.

आपल्याकडे पौषात एखादी रात्र दहा अंशांखाली जातेही. शेकोट्या पेटतात. पण दुपारी पारा पुन्हा अठ्ठावीस-तीसवर चढतो आणि रात्री साठवलेली थंडी पुसून टाकतो. कळीचा हिशेब काही जुळत नाही. द्राक्षवाल्या सभासदांना हे लगेच कळेल. वेलीला आपल्याकडे खरी हिवाळी झोप मिळत नाही, म्हणून तर एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्या कराव्या लागतात आणि डोळे फोडायला काड्यांना औषध लावावे लागते.

खुद्द जपानातही हा हिशेब चुकू लागला आहे. दक्षिणेकडच्या कागोशिमात हिवाळा उबदार गेला, की फुले लवकर येण्याऐवजी उशिरा आणि विरळ येतात, कारण कळीची झोपच पुरी झालेली नसते. जिथे थंडी भरपूर आहे तिथे मात्र वसंत लवकर तापल्यामुळे फुले अलीकडे येऊ लागली आहेत. क्योतो शहरातल्या साकुरा कधी फुलल्या याच्या नोंदी नवव्या शतकापासून जुन्या रोजनिशींत सापडतात. त्या बाराशे वर्षांच्या नोंदींत तोवरचा सगळ्यांत लवकरचा भरबहार २०२१ साली निघाला, २६ मार्चचा. हवामान बदलले हे सांगायला एवढी जुनी वही दुसऱ्या कोणत्याच झाडाची नसेल.

एकाच झाडाची सगळी पोरे

जपानात उद्यानात, शाळेच्या आवारात, नदीच्या बांधावर दिसणारी साकुरा बहुतेक ठिकाणी एकाच वाणाची असते. वाणाचे नाव 'सोमेइ-योशिनो'. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, आज तोक्यो शहरात सामावून गेलेल्या सोमेइ नावाच्या गावी रोपवाटिकावाल्यांनी ती विकायला काढली. नाव पडले १९०० साली. ओशिमा चेरी आणि एदोहिगान या दोन जातींचा हा संकर. एकीकडून मोठे फूल आले आणि दुसरीकडून पानाआधी फुलण्याची खोड आली. शिवाय वाढ झपाट्याची. लोकांना आणखी काय हवे? गावोगाव तीच लागली.

पण तिचे बी पेरून तीच चेरी मिळत नाही. या वाणाचा पराग त्याच वाणाच्या फुलाला लागत नाही, आणि दुसऱ्या जातीचा लागून बी धरले तर त्यातून भलतेच रोप निघते. म्हणून तिची वाढ फक्त कलमाने. मूळ झाडाची काडी घ्यायची, दुसऱ्या रानटी चेरीच्या खुंटावर बांधायची. त्या झाडाची काडी पुन्हा तिसऱ्या खुंटावर. अशी दीडशेहून अधिक वर्षे हातोहात चाललेली आहे. १९९५ साली डीएनए तपासून पाहिले, तेव्हा ठिकठिकाणची सोमेइ-योशिनो एकाच मूळ झाडाची निघाली. म्हणजे लाखो झाडे, पण अंगाने एकच झाड!

ऊसवाल्याला यात नवल वाटू नये. आपणही उसाचे बी कुठे पेरतो? कांडे तोडतो, टिपरी करतो, डोळा जमिनीत ठेवतो. आपल्या शेतातला को ८६०३२ आणि शेजारच्या तालुक्यातला को ८६०३२ हे एकाच मूळ बेटाचे तुकडे. सगळे सारखे असण्याचा फायदा दोघांनाही मिळतो. साकुरा एका गावात एकाच दिवशी फुलते, कारण सगळ्या झाडांचा स्वभाव एक. ऊसही एकसारखा वाढतो, एका वेळी पक्व होतो, तोडणीचा कार्यक्रम लावता येतो.

तोटाही दोघांना सारखाच. एका झाडाला जे दुखणे जडते ते सगळ्यांना जडू शकते. सोमेइ-योशिनोला एक बुरशीजन्य रोग फार होतो. फांदीवर एकाच जागी बारीक काड्यांचा झुपका निघतो, खराट्यासारखा. त्यावर पाने येतात, फूल येत नाही. आपल्या उसातल्या गवताळ वाढीची आठवण व्हावी असे ते रूप. तो झुपका वेळीच कापून जाळला नाही तर झाड हळूहळू खंगते. त्यात २०१२ पासून मानेवर लाल पट्टा असलेला परदेशी भुंगेरा तिकडे शिरला आहे. आंब्याला जशी भिरूड लागते तशी त्याची अळी चेरीचे खोड आतून पोखरते आणि बुंध्याशी भुसा पडतो. आता कित्येक ठिकाणी जुन्या सोमेइ-योशिनोच्या जागी 'जिंदाइ-आकेबोनो' हा वाण लावतात. त्याला झुपक्याचा रोग कमी होतो. त्याचे मूळही गमतीचे आहे. जपानातून अमेरिकेत गेलेल्या चेरीच्या वंशातला एक वाण परत तोक्योच्या जिंदाइ उद्यानात आला, आणि तिथे त्यातून हा निराळा निघाला.

लागवड आणि निगा

थंड मुलखात ही चेरी बागेत लावतात कशी, तेही थोडक्यात सांगतो. आपला कोणी नातलग इंग्लंड-अमेरिकेत घर करून असला तर त्याच्या उपयोगी पडेल.

लागवड हिवाळ्यात, झाड पाने गाळून झोपलेले असताना करतात. जागा उन्हाची आणि निचऱ्याची हवी. पाणी साचणाऱ्या जमिनीत मुळे कुजतात. आपल्या भाषेत सांगायचे तर चोपण, पाणथळ रान चेरीला वर्ज्य. खड्डा रुंद घ्यायचा, उगाच खोल नाही, आणि कलमाची गाठ मातीच्या वर ठेवायची. पहिली दोन वर्षे काठीचा आधार आणि उन्हाळ्यात पाणी. खुंटाकडून फुटवे येतात ते दिसताच काढायचे. नाही काढले तर वरचे कलम मागे पडते, रानटी खुंटच झाड होऊन बसतो आणि मालकाला पत्ताही लागत नाही. आंब्याच्या कलमाचे पुष्कळांचे असेच होते.

वाण निवडताना जागा बघावी लागते. सोमेइ-योशिनो आडवी पसरते, तिला सगळ्या बाजूंनी आठ-दहा मीटर मोकळे रान हवे. लहान अंगणाला ती नव्हे. तिथे 'आमानोगावा' नावाचा वाण लावतात, तो अशोकासारखा सरळ उभा जातो. 'कान्झान' म्हणजे गडद गुलाबी, भरगच्च पाकळ्यांची. झुलत्या फांद्यांची वेगळी. काही वाण तर नोव्हेंबरपासून थोडे थोडे फुलत राहतात. जाणता माळी दोन-तीन वाण निवडतो, म्हणजे एकाचा बहार संपताना दुसऱ्याचा सुरू होतो.

चेरीची मुळे जमिनीच्या वरच्या थरात पसरतात. झाडाखाली माणसांची ये-जा फार झाली की माती दबते आणि मुळांना हवा मिळेनाशी होते. म्हणून मोठ्या उद्यानांत बुंध्याभोवती कठडे घालतात. ट्रॅक्टर-ट्रॉलीने दबलेल्या रानात उसाचा खोडवा कसा रडतो हे आपण जाणतोच.

सफरचंदवाल्यांची छाटणी

चेरीला कात्री लावू नये असा जपानात पूर्वापार समज. चेरी कापणारा मूर्ख आणि आलुबुखाराच्या जातीची उमे न कापणाराही मूर्ख, अशी म्हणच आहे तिकडे. कारणही खरे होते. चेरीच्या जखमेतून डिंक गळतो, जखम लवकर भरत नाही, आणि तिथून बुरशी आत शिरून खोड पोकळ करते. सोमेइ-योशिनोचे आयुष्य साठ वर्षे, असेही लोक धरून चालले होते.

हा समज मोडला उत्तरेकडच्या हिरोसाकी गावाने. हिरोसाकी ज्या आओमोरी प्रांतात आहे, तो सफरचंदाचा मुलूख. तिथल्या किल्ल्याच्या उद्यानात अडीच हजारांवर साकुरा आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर उद्यानाच्या माळ्यांनी विचार केला, की सफरचंदही याच गोतावळ्यातले. तो शेतकरी दरवर्षी छाटणी करतो आणि बाग तरणी ठेवतो, मग चेरीला का नाही? त्यांनी हिवाळ्याच्या शेवटी वाळकी, रोगट, एकमेकांवर घासणारी फांदी बुंध्याशी नीट कापायला सुरुवात केली. कापलेल्या जागी लगेच मलम, आपण बोर्डोपेस्ट लावतो तसे. जोडीला खत. झाड नव्या फांद्या फेकू लागले आणि एकेका कळीतून जास्त फुले येऊ लागली. त्या उद्यानात १८८२ साली लावलेली सोमेइ-योशिनो आजही फुलते. साठ वर्षांचे आयुष्य म्हणता म्हणता तिला एकशे चाळीस वर्षे उलटून गेली.

इंग्लंडात मात्र छाटणी भर उन्हाळ्यात, कोरड्या हवेत करतात, कारण तिथल्या ओलसर हिवाळ्यात बुरशीचा आणि खैऱ्यासारख्या जिवाणूजन्य रोगाचा धोका मोठा. म्हणजे नियम पुस्तकातला असला तरी वेळ आपल्या हवेवरून ठरवायची. हिरोसाकीचा धडा मला फार मोलाचा वाटतो. उद्यानाच्या माळ्याला शहाणपण मिळाले ते शेजारच्या शेतकऱ्याच्या बांधावरून.

१९१० सालची होळी

अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनला, आज जी साकुरा फुलते तिची गोष्ट बेणे तपासणीवर विश्वास न ठेवणाऱ्याने मुद्दाम ऐकावी.

१९१० च्या जानेवारीत तोक्यो शहराने भेट म्हणून पाठवलेली दोन हजार झाडे वॉशिंग्टनला पोहोचली. दोन देशांच्या मैत्रीचा मामला; राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी हेलन टाफ्ट यांनी स्वतः मनावर घेतलेले काम. पण कृषी खात्याच्या माणसांनी पेट्या उघडून तपासणी केली, तर झाडांवर खवले कीड, खोडात पोखरणाऱ्या अळ्या, मुळांवर गाठी आणि सूत्रकृमी. काय करावे? मोठ्यांची भेट, परत कशी करायची? राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी हुकूम दिला आणि २८ जानेवारीला ती सगळी झाडे जाळून टाकली.

तोक्योचे नगराध्यक्ष युकिओ ओझाकी यांनी राग धरला नाही. दुसरी खेप तयार करायचे ठरले. या वेळी अराकावा नदीच्या बांधावर राखलेल्या नामांकित वाणांच्या काड्या निवडल्या, निरोगी खुंटांवर कलमे बांधली, किडीपासून जपून वाढवली. १९१२ साली बारा वाणांची ३,०२० झाडे वॉशिंग्टनला आली. तपासणीत एकही नापास झाले नाही. २७ मार्च १९१२ रोजी पहिली दोन झाडे लागली, एक श्रीमती टाफ्ट यांच्या हातची आणि एक जपानी राजदूतांच्या पत्नीच्या हातची.

यातली पुढची गोष्ट तर त्याहून सांगण्यासारखी. महायुद्धाच्या काळात तोक्योतला अराकावाकाठचा तो मूळ चेरीमळा उजाड झाला. तेव्हा १९५२ साली अमेरिकेने वॉशिंग्टनच्या झाडांच्या काड्या परत जपानला पाठवल्या, आणि लेकीच्या घरून आईच्या घरी बेणे आले. अलीकडे २०२४ साली समुद्रभरतीच्या पाण्यापासून बचावासाठी भिंत बांधताना तिथली दीडशेच्या आसपास चेरीची झाडे काढावी लागली. त्यात एक पोकळ बुंध्याचे खुरटे झाड लोकांचे फार लाडके होते. पाडण्याआधी त्याच्या काड्या घेऊन रोपवाटिकेत दिल्या. झाड गेले, डोळा राहिला.

बटाट्यात खोचलेल्या काड्या

कॉलिंगवूड इंग्रॅम नावाचे एक इंग्रज गृहस्थ होते. केंट परगण्यात बेनेंडन गावी त्यांची मोठी बाग होती आणि चेरीचा नाद असा, की लोक त्यांना 'चेरी' इंग्रॅमच म्हणत. १८८० चा जन्म, १९८१ साली गेले. शंभरी गाठलेला माणूस. १९२३ साली ससेक्समधल्या एका बागेत त्यांना एक मरायला टेकलेले चेरीचे झाड दिसले. फुले पांढरीशुभ्र, दोन-अडीच इंच रुंद, आणि कोवळी पाने तांबूस. वाण कोणता, कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांनी काड्या आणल्या आणि आपल्या बागेत कलमे बांधली.

तीन वर्षांनी, १९२६ साली, ते जपानला गेले. तिथे सेइसाकु फुनात्सु नावाच्या जाणत्या वृद्धाने त्यांना आपल्या पणजोबांच्या हातचे एक जुने चित्र दाखवले. चित्रात मोठी पांढरी चेरी. ही आता जपानात कुठेच उरली नाही, शोधून थकलो, असे त्यांनी सांगितले. इंग्रॅम यांनी चित्र पाहिले आणि ओळखले, की हे झाड तर आपल्या बागेत जिवंत आहे!

मग काड्या जपानला पाठवण्याचा खटाटोप सुरू झाला. बोटीने पाठवाव्या तर वाटेत उष्ण समुद्र लागे. काड्या उकाड्याने फुटत, सुकत, कुजत. पुन्हा पाठवाव्या, पुन्हा तेच. अखेर त्यांनी काड्यांची टोके बटाट्यात खोचली, म्हणजे ओल टिकेल, आणि बोटीऐवजी सैबेरियातून जाणाऱ्या आगगाडीने थंड वाटेने रवाना केल्या. १९३२ साली काड्या जिवंत पोहोचल्या. क्योतोच्या सानो घराण्यातल्या माळ्याने कलमे बांधली आणि ती धरली. 'ताइहाकु', म्हणजे थोर पांढरी, या नावाने हा वाण आज जगभर लागतो. जिथे कुठे ताइहाकु फुलते, ती त्या ससेक्सच्या मरणपंथाला लागलेल्या एका झाडाची काडी.

एका परक्या बागेत एक झाड उरले नसते, तर जपानचा हा वाण कायमचा गेला होता. आणि तो जात का होता? सगळ्यांनी भराभर वाढणारी एकच सोमेइ-योशिनो लावायला घेतली होती. बाकीचे शेकडो जुने वाण कोण जपतो? इंग्रॅम यांनी १९२६ सालीच तोक्योतल्या चेरीप्रेमी मंडळींपुढे ही धोक्याची सूचना दिली होती.

आपल्या देशातली चेरी

आपला देश चेरीला अगदीच पारखा नाही. हिमाचलपासून ईशान्येपर्यंत हिमालयाच्या अंगाला रानचेरी आपोआप उगवते. आयुर्वेदातले पद्मकाष्ठ ते याच झाडाचे लाकूड. गढवाल-कुमाऊंत तिला पय्यां म्हणतात आणि मंगलकार्यात तिच्या डहाळीला मान असतो. हिमाचलात तिला पाजा म्हणतात, आणि खायच्या चेरीचे कलम तिच्याच खुंटावर बांधतात. तिचा स्वभाव जपानीच्या उलट. ती वसंतात न फुलता कार्तिक-मार्गशीर्षात फुलते. डोंगरात दुसरे फूल नसते त्या दिवसांत, म्हणून मधमाश्यांना तिचा मोठा आधार. मेघालयात शिलाँगला २०१६ पासून नोव्हेंबरात तिचा उत्सव भरतो. ज्यांना डोळे भरून चेरी बघायची असेल त्यांनी सहल शिलाँगला काढावी. जपानच्या विमानभाड्याच्या मानाने पुष्कळ स्वस्तात काम होईल.

मग आपण काय करावे?

दाराशी फुलझाड हवेच असेल तर आपले ताम्हण लावा. महाराष्ट्राचे ते राज्यपुष्प. एप्रिल-मेच्या कडक उन्हात जांभळ्या-गुलाबी तुऱ्यांनी झाड भरते. सह्याद्रीच्या ओढ्याकाठचे असल्याने पाण्याला भीत नाही, उसाच्या पाटाकडेला आनंदाने वाढते. जूनमध्ये दोन फुटी खड्डा, शेणखत, गुडघ्याएवढे निरोगी रोप, एवढे पुरे. बांधावर गिरिपुष्प लावले तर माघ-फाल्गुनात पानगळीनंतर त्याच्या बोडक्या फांद्या गुलाबी फुलांनी गजबजतात. लांबून पाहणाऱ्याला चेरीच वाटावी. वर पाल्याचे हिरवळीचे खत मिळते ते वेगळेच. मुंबईत विक्रोळीच्या हमरस्त्यावर ज्याचा गुलाबी बहार बघायला लोक थांबतात तो टॅबेबुयाही आपल्या हवेत फुलतो. आणि कोणी 'चेरी' म्हणून सिंगापूर चेरीचे रोप दिले, तर ती बारीक गोड फळांची निराळीच जात आहे, हे घेण्याआधी समजून घ्या.

आता बेण्याचे. आपल्या जुन्या सभासदांनी को ४१९ पाहिला, को ७४० वर संसार केले. १९९६ साली पाडेगाव केंद्राने को ८६०३२ दिला, त्याने आपल्याला वर आणले. चांगला वाण आला की सगळे शिवार त्याच्याच मागे जाते, हा मनुष्यस्वभाव. पण उत्तर प्रदेशाकडे बघा. २००९ साली प्रसारित झालेला को ०२३८ हा वाण तिथे एवढा गाजला, की बहुतेक सगळा ऊस त्याच एका वाणाखाली आला. मग लाल कुज शिरली आणि उभे फड वाळले. तिथले कारखाने आणि शेतकरी आता वाण बदलण्याच्या धावपळीत आहेत. सोमेइ-योशिनोचे दुखणे शोभेचे. वर्षभर फुले दिसली नाहीत तर जपानी माणूस हळहळेल. आपले दुखणे पोटाचे. २००२ साली लोकरी माव्याने आपल्याला दाखवलेच, की उभ्या उसाचे नशीब किती लवकर फिरते.

तेव्हा सभासद बंधूंनो, तीन गोष्टी कराव्यात अशी विनंती आहे. पहिली, सगळे रान एकाच वाणाखाली घालू नका. शेतकी खाते शिफारस करील त्यातला दुसरा वाण निदान काही गुंठ्यांवर तरी ठेवा. दुसरी, बेणे घेताना भिडेला बळी पडू नका. पाहुण्याने दिले म्हणून, फुकट मिळाले म्हणून खोडव्याचे किंवा काणी लागलेल्या फडातले बेणे आणू नका. ५४ अंश सेल्सिअसला अडीच तास बाष्पयुक्त उष्ण हवेची प्रक्रिया दिलेल्या मूलभूत बेण्यापासून पुढे वाढवलेले, नऊ ते अकरा महिन्यांचे, निरोगी मळ्यातले बेणेच लावा आणि तीन-चार वर्षांनी ते बदला. राष्ट्राध्यक्षाच्या घरची भेट जिथे जाळून टाकली, तिथे पाहुण्याची मोळी नाकारायला आपल्याला कसला संकोच?

तिसरी गोष्ट, कोणाच्या मळ्यात जुन्या वाणाचे एखादे बेट अजून उभे असेल, परसात आजोबांच्या हातचा एखादा रायवळ आंबा असेल, तर तो तोडण्याआधी शेतकी खात्याला एकदा कळवा. आज त्याला भाव नसेल. पण त्याच्या एका डोळ्यात काय दडले आहे हे आज सांगता येत नाही. ससेक्सच्या त्या बागवाल्यालाही ते ठाऊक नव्हते.